‘परवडणे’ : चतुर्थी गाळलेले क्रियापद

‘परवडणे’ हे क्रियापद मराठीत एकटे येत नाही. ते कोणाला तरी परवडते; ‘मला’, ‘तिला’, ‘त्यांना’ अशी चतुर्थी त्याच्यासोबत लागतेच. शासकीय मराठीने त्याचे ‘परवडणारी’ हे विशेषण केले, ते घरांपुढे जोडले आणि चतुर्थी अलगद गाळली. ‘परवडणारी घरे’. कोणाला, हा प्रश्न वाक्यातच शिल्लक राहिला नाही.

हीच चतुर्थी वसईच्या किल्ल्यालगतच्या पाचूबंदरात शोधून पाहावी. कोळ्याचे घर उंबरठ्यापाशी संपत नाही. जाळी पसरायला व सांधायला अंगण लागते, बोंबील वाळवायला बांबूंच्या चौकटी लागतात, आणि होडी नजरेच्या टप्प्यात असावी लागते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने (शहरी) आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाचे घर ३० चौरस मीटर चटईक्षेत्राचे मानले. तेवढ्या जागेत झोपता येते. जाळे पसरता येत नाही. म्हणजे मासेमारीचे कुटुंब तिथे राहायला जाईल ते आपला धंदा बाहेर ठेवून.

यावर उत्तर तयार असते : ज्याची स्वतःची जागा आहे त्याने तिथेच बांधावे, त्यासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळतात. सर्वेक्षण व अर्जांची छाननी महापालिकेने करायची. परंतु पहिली अट जमीन नावावर असण्याची. कोकण किनाऱ्यावरच्या अनेक कोळीवाड्यांत वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची आणि स्वतंत्र उतारा मात्र नाही, ही गोष्ट नवी नाही. सीमांकनाची मागणी त्यासाठीच होत आली. परिणामी ज्यांचे घर सर्वांत जुने, तेच कागदावर बेघराहून वाईट ठरतात : बेघर निदान ‘लाभार्थी’ होऊ शकतो. (‘लाभार्थी’ म्हणजे लाभाची याचना करणारा. नागरिकाला हे नाव देताना कोणाची जीभ कशी अडखळली नाही?)

आता शहराकडे पाहू. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेली. मुंबईने बाहेर ढकललेल्या या माणसांना छप्पर कोणी दिले? स्पष्टच म्हणायचे तर, परवडणाऱ्या घरांची या शहरातील सर्वांत मोठी योजना अनधिकृत बांधकाम करणाऱ्यांनी राबवली आणि पालिका ती पाहत राहिली. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया व कचऱ्यासाठी आरक्षित जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. लोक राहायला आले, वर्षे गेली आणि २०२५च्या आरंभी न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारमधील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे मेली. त्यांना घर ‘परवडले’ होते.

अधिकृत बाजूला काय होते? विरार-बोळिंजला म्हाडाच्या हजारो सदनिका सोडतीमागून सोडती काढूनही पडून राहिल्या. पाण्याची टंचाई आणि न झेपणारी किंमत ही कारणे तेव्हा उघडपणे सांगितली जात होती. एकाच शहरात रिकामी सरकारी घरे आणि भरलेल्या अनधिकृत चाळी शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा दोष घरांच्या संख्येत शोधणे हा शुद्ध भाबडेपणा होय.

बारा लाखांच्या शहरात प्रत्येकाला अंगण कोठून द्यायचे, असे कोणी विचारील. प्रत्येकाला नकोच आहे. पाचूबंदरकरांचे अंगण त्यांच्याकडे आहेच; ते नकाशावर येणे एवढेच बाकी आहे. सिडकोने केलेला या भागाचा विकास आराखडा २०२१पर्यंतचा होता. पुढच्या आराखड्यात कोळीवाड्याची हद्द, मासळी वाळवण्याची जागा आणि होड्या लावण्याचा किनारा निवासाचाच भाग म्हणून दाखवावा. भूमी अभिलेख खात्याकडे सीमांकनाचा पाठपुरावा पालिकेने स्वतः करावा. आणि तोवर घरपट्टीची जुनी पावती अनुदानासाठी वहिवाटीचा पुरावा म्हणून धरावी, असा ठराव करून शासनाकडे पाठवावा. कर घेताना ते घर कोणाचे, हे पालिकेला नेमके ठाऊक असते.