बांधावरच्या लिंबाविषयी

बांधापलीकडच्या भाऊंना,

तुमचं नाव लिहीत नाही, गावाला ते ठाऊक आहे. पत्र उघड लिहितेय, कारण पारावर चारचौघांत तुम्ही माझं बोलणं हसण्यावारी नेलंत. "पाखरावाचून कुणाचं अडतं, वहिनी?" हे तुमचं वाक्य अजून सलतंय.

सामाईक बांधावरचा लिंब तुम्ही मला न विचारता तोडलात, तोही ऐन वैशाखात. पिकावर सावली पडते, एवढंच तुम्हाला दिसलं. त्याच्या वाळक्या फांदीवर नीलपंख बसायचा. खाली नाकतोडा हलला की झेपावायचा, तेव्हा पंखांतली ती निळाई डोळ्यांत मावायची नाही. त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही, झाडाची आयती लागते. ती या लिंबात होती. पाडलेल्या खोडाच्या ढोलीत पिल्लं होती का, ते मी बघितलं नाही. धीरच झाला नाही.

मी या गावात नवी असताना दसऱ्याला हा पक्षी मला दाखवला तो तुमच्याच वडिलांनी. आज याचं दर्शन शुभ, म्हणाले होते.

एकट्या झाडाचं दुःख असतं तर गिळलं असतं. आपल्याकडची ज्वारी गेली, सोयाबीन आलं. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवताना पाखरांचा वैताग यायचा. आता राखायला कणसंही नाहीत आणि पाखरंही. रोटाव्हेटरनं बांध दरवर्षी वीतभर आत सरकतो. उरलेल्या गवतावर तणनाशक. मग नाकतोडे, भुंगेरे राहायचे कुठे? खुरपणीला बायका मिळेनात म्हणून दोन हंगाम मीही फवारलं. तो दोष माझ्या पदरी आहे, नाकारत नाही.

२०२३ साली देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून एक मोठा अहवाल निघाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल कळू शकला, त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत. नीलपंखाची परिस्थिती नव्यानं तपासायला हवी, असंही त्यात सांगितलंय. म्हणजे हे एकट्या वहिनीचं खूळ नाही, भाऊ.

गेल्या दसऱ्याला तुम्ही सोनं द्यायला आलात, तेव्हा मी हात पुढे केला, पण मनापासून नाही. या पावसाळ्यात माझ्या बाजूला लिंबाची तीन रोपं लावलीत. त्यांच्यात ढोली होईपर्यंत मी नसेन. तुमच्या बाजूचा हातभर बांध तेवढा कोरू नका, आणि त्यावरचं गवत जाळू नका.

बांधाअलीकडची,
वहिनी