अतिमानवाची पहिली दोन वर्षे : एका लोकप्रिय न्यायकल्पनेचा फेरविचार

लोकप्रिय साहित्याचा विचार करताना आपल्याकडे 'पलायनवादी' हे विशेषण फार सहजतेने वापरले जाते. रहस्यकथा, अद्भुतकथा, चित्रकथा असे अनेक प्रकार या एका शब्दाच्या आधाराने अभ्यासाच्या उंबरठ्याबाहेर ठेवले जातात. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी महाराष्ट्रातील वाचकांच्या पिढ्याच्या पिढ्या वाचनाकडे ओढल्या. परंतु कायद्याच्या चौकटीबाहेर राहून न्याय करणाऱ्या या नायकांची गरज समाजाला का भासावी, या प्रश्नाकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिले असे म्हणता येणार नाही. विशेषण लावले की विश्लेषणाची जबाबदारी संपते, अशी काहीशी आपली समजूत झालेली दिसते.

हा प्रश्न येथे उपस्थित करण्याचे निमित्त मात्र परभाषेतील आहे. अमेरिकेत जून 1938 या तारखेच्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात 'सुपरमॅन' ही चित्रकथा प्रसिद्ध झाली. पुढे या नायकाचा जो लौकिक झाला त्यामुळे आरंभीच्या कथा झाकोळून गेल्या. आज सुपरमॅन म्हटले की आकाशातून झेपावणारा, विक्षिप्त शास्त्रज्ञांशी आणि परग्रहवासीयांशी लढणारा वीर डोळ्यांपुढे येतो. पहिल्या दोन वर्षांतील नायक असा नाही. तो उडत नाही. फार तर दोनशे मीटरची झेप घेतो. आणि त्याचे शत्रू परग्रहावरून आलेले नाहीत. ते खाणमालक आहेत, शस्त्रांचे व्यापारी आहेत, तुरुंगाधिकारी आहेत, लाच खाणारे लोकप्रतिनिधी आहेत.

कथांचा तपशील पाहिल्याशिवाय हा मुद्दा स्पष्ट होणार नाही. पहिल्याच कथेत नायक मध्यरात्री राज्यपालांच्या निवासस्थानी बळाने प्रवेश करतो, तो मृत्युदंडाच्या वाटेवर असलेल्या एका निरपराध स्त्रीचे प्राण वाचविण्यासाठी. त्याच कथेत तो पत्नीला मारहाण करणाऱ्या एका नवऱ्याला वठणीवर आणतो, आणि शेवटी वॉशिंग्टनला जाऊन, अमेरिकेला युरोपातील संघर्षात गुंतवू पाहणारे विधेयक संमत व्हावे म्हणून सिनेटरला वश करणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. दुसऱ्या अंकात शस्त्रनिर्मात्याला सक्तीने रणभूमीवर शिपाई म्हणून उभे केले जाते. आपल्याच मालाचा मारा अंगावर येऊ लागताच त्याचे मतपरिवर्तन होते. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या सेनापतींना समोरासमोर आणून नायक त्यांनाच परस्परांशी लढण्यास सांगतो, तेव्हा आपण नेमके कशासाठी लढत आहोत हे त्यांना सांगता येत नाही.

तिसऱ्या अंकातील कथा मला या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते. खाण कोसळून एक स्थलांतरित कामगार जायबंदी होतो. खाण धोक्याची आहे हे कामगारांना आधीपासून ठाऊक असते. पण तक्रार करणाऱ्याला नोकरी सोडण्याचा सल्ला मिळत असतो. मालकाच्या मते अपघात हा कामगाराच्याच निष्काळजीपणाचा परिणाम. नायक खाणकामगाराच्या वेषात मालकाच्या मेजवानीत शिरतो. मालक आणि त्याचे पाहुणे गंमत म्हणून खाणीत उतरतात आणि नायक वाट बंद करून त्यांना आत अडकवतो. धोक्याची घंटा वाजत नाही, कारण ती निगा न राखल्याने निकामी झालेली असते. उंची पोशाखातील मंडळींना हातात कुदळ घ्यावी लागते. अतिमानवाचा परिचित पोशाख या कथेत जवळजवळ दिसतच नाही. येथे अद्भुत शक्तीचे प्रयोजन शत्रूला चिरडणे हे नाही. ज्याने कधी खाण पाहिली नाही त्याला खाणीच्या तळाशी नेणे, एवढेच तिचे कार्य आहे. सत्ताधाऱ्याला पीडिताच्या जागी उभे करणे ही या आरंभीच्या कथांची खरी रचनातत्त्वे ठरविणारी कल्पना होय.

या कथांची मुळे त्यांच्या काळात आहेत. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार ज्यो शुस्टर हे दोघेही 1914 साली जन्मलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील तरुण. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात, 1929 नंतरच्या आर्थिक महामंदीच्या छायेत ते वाढले. सीगलच्या वडिलांचा 1932 मध्ये त्यांच्या कपड्यांच्या दुकानातील चोरीच्या प्रसंगी मृत्यू झाला. 1934 ते 1936 या काळात सिनेटर नाय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शस्त्रोद्योगाच्या युद्धातील नफेखोरीची चौकशी केली होती. तेव्हा दुसऱ्या अंकातील शस्त्रव्यापारी हा कल्पनेच्या आकाशातून पडलेला नाही, हे उघड आहे.

याहून बोलके उदाहरण जानेवारी 1939 या तारखेच्या आठव्या अंकाचे. गलिच्छ वस्तीतील मुले गुन्हेगारीकडे वळतात याला त्यांची परिस्थिती कारणीभूत आहे, असे या कथेत नायकाला उमगते. वादळाने उद्ध्वस्त झालेल्या भागात सरकारने नवी घरे बांधल्याचे तो वाचतो. मग रहिवाशांना बाहेर काढून तो स्वतःच वस्ती पाडू लागतो. त्याला रोखण्यासाठी आलेली विमाने बॉम्ब टाकतात आणि उरलेले काम पूर्ण करतात. त्या जागी सरकारला गरिबांसाठी घरे बांधावी लागतात. आता याच्या शेजारी एक वास्तव घटना ठेवून पाहावी. 18 ऑगस्ट 1938 रोजी क्लीव्हलंडचे सुरक्षा संचालक एलियट नेस यांनी, एका खुन्याच्या शोधाच्या निमित्ताने, किंग्जबरी रन या भागातील निराधारांच्या झोपड्यांवर छापा घातला. रहिवाशांना ताब्यात घेण्यात आले आणि झोपड्या जाळण्यात आल्या. कथेचा या घटनेशी थेट संबंध होता असा दावा मी करीत नाही. पण एकाच शहरात, काही महिन्यांच्या अंतराने, वस्ती नष्ट होण्याची दोन चित्रे आपल्यापुढे येतात. वास्तवात झोपड्यांच्या जागी राख उरते. कथेत घरे उभी राहतात. या कथेला पलायन म्हणावे की वास्तवावरील टीका म्हणावी? मला दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक वाटते.

येथे उंबेर्तो एको यांच्या 1962 मधील प्रसिद्ध निबंधाची दखल घेणे क्रमप्राप्त आहे. अमर्याद सामर्थ्य असलेला हा नायक जगाची भूक शमवू शकला असता. प्रत्यक्षात तो एका शहरापुरता वावरतो आणि चोर-दरोडेखोरांशी लढतो. येथे दुष्टपणाचे रूप म्हणजे खाजगी मालमत्तेवरील हल्ला आणि सत्कृत्याचे रूप म्हणजे दानधर्म; नागरी जाणीव राजकीय जाणिवेपासून तोडलेली आहे, असे एको यांचे थोडक्यात प्रतिपादन आहे. नंतरच्या सुपरमॅनविषयी ते मार्मिक आहे. पण पहिल्या दोन वर्षांच्या कथांना ते लागू पडत नाही. तेथे दुष्टपणा मालमत्तेवर हल्ला करणाऱ्यांत नसून पुष्कळदा मालमत्ताधारकांत आहे. मे 1939 च्या बाराव्या अंकात तर नायक निकृष्ट माल वापरणारा मोटारींचा कारखानाच मोडून टाकतो आणि वाहतुकीच्या नियमांबाबत बेपर्वा असलेल्या महापौरांना अपघातात बळी पडलेल्यांची प्रेते दाखविण्यासाठी शवागारात घेऊन जातो.

मग हा नायक बदलला कसा? एक कारण व्यावसायिक आहे. फेब्रुवारी 1940 मध्ये सुपरमॅनची नभोवाणी मालिका सुरू झाली, 1941 मध्ये चित्रपट आले; बालकांच्या बाजारपेठेत या नावाचे मोल वाढत गेले. याच सुमारास संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांच्या देखरेखीखाली नायकाच्या वर्तनावर बंधने आली. त्याने कोणाचा जीव घेऊ नये असे ठरले. एप्रिल 1940 च्या अंकात लूथर हा शास्त्रज्ञ खलनायक अवतरला. पुढे अमेरिका महायुद्धात उतरल्यावर देशातील अन्यायाऐवजी देशाचा शत्रू हा विषय झाला. नायकाने सामाजिक प्रश्न पुरते सोडले असेही नाही. 1946 मध्ये नभोवाणी मालिकेने कू क्लक्स क्लॅनवर बेतलेल्या वंशद्वेषी संघटनेविरुद्धचे कथानक सादर केले. तथापि मुख्य प्रवाह बदलला होता.

परंतु सारा दोष बाजारावर टाकून मोकळे होणे हीही एक प्रकारची समीक्षकीय सोयच ठरेल. या परिवर्तनाचे बीज कथांच्या रचनेतच होते असे माझे मत आहे. पहिली कथा तेरा पानांची होती. इतक्या अवकाशात अन्याय दाखवायचा आणि तो दूरही करायचा, तर अन्यायाला एक चेहरा द्यावा लागतो. खाणव्यवस्थेऐवजी एक खाणमालक येतो, युद्धाच्या अर्थकारणाऐवजी एक शस्त्रव्यापारी येतो. त्याचे हृदयपरिवर्तन झाले की प्रश्न सुटतो. अन्यायाचे कारण एकदा व्यक्तीत सामावले की, त्या व्यक्तीच्या जागी खाणमालकाऐवजी विक्षिप्त शास्त्रज्ञ बसविणे अवघड राहत नाही. कथेचा सांगाडा तोच राहतो, फक्त आशय गळून पडतो. अशा अर्थाने एको यांचे निरीक्षण आरंभीच्या आशयाला लागू पडले नाही, तरी आरंभीच्या रचनेला लागू पडते. शिवाय भीती घालून कबुली मिळविणारा, न्यायालयाला वळसा घालणारा हा नायक त्याच दशकातील हुकूमशहांच्या कार्यपद्धतीची आठवण करून देतो, हेही नाकारता येणार नाही.

या ठिकाणी आपल्या परंपरेतील एक कथा मला मार्गदर्शक वाटते. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने जाऊन त्या धान्याचे मोल भरले, अशी ही कथा. येथेही अलौकिक शक्ती आहे, आणि तीही समाजाने खालच्या ठरविलेल्या माणसाच्या वेषात येते, जशी ती तिसऱ्या अंकात खाणकामगाराच्या वेषात येते. दामाजींच्या कथेला आपण पलायनवादी म्हणत नाही; दुष्काळ आणि सत्ता यांविषयीची लोकमानसाची नैतिक भूमिका तीत आपण वाचतो. मग चित्रकथेलाच वेगळा न्याय का? मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. दामाजींच्या कथेत आधी माणूस कृती करतो, शिक्षेचा धोका पत्करतो, आणि मग चमत्कार घडतो. सुपरमॅनच्या कथेत चमत्कार आधी येतो आणि माणसे त्याची वाट पाहतात. जायबंदी कामगार अन्यायाची साक्ष देतो, पण त्याचे सहकारी संघटित होत नाहीत. वस्तीतील लोक स्वतःसाठी घरे मागत नाहीत. 1930 च्या दशकात अमेरिकेतील कामगार प्रत्यक्षात मोठमोठे संप करीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीव अधिक जाणवते. या कथांची मर्यादा त्यांच्या अद्भुततेत नाही. पीडितांच्या कर्तृत्वाला तीत जागा नाही, यात ती आहे.

या विवेचनाला या कथांच्या निर्मात्यांच्या आयुष्याने जणू पुरवणी जोडली आहे. मार्च 1938 मध्ये सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क 130 डॉलरना विकले. 1947 मध्ये त्यांनी न्यायालयात दाद मागितली. 1948 मध्ये तडजोड झाली, परंतु कथांवरील त्यांची नावे गेली. उतारवयात दोघांनाही आर्थिक विवंचनेला तोंड द्यावे लागले. 1975 मध्ये जेरी रॉबिन्सन आणि नील ॲडम्स या चित्रकारांनी त्यांच्या बाजूने मोहीम उभारली, वृत्तपत्रांनी प्रश्न लावून धरला, आणि त्या वर्षअखेर दोघांना आजीव वार्षिक मानधन मिळाले व निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. त्यांच्या मदतीला कोणी अतिमानव आला नाही. समव्यवसायी माणसे एकत्र आली. आपल्या कथांत ज्या शक्यतेला त्यांनी जागा दिली नव्हती, तीच त्यांच्या उपयोगी पडली.

मराठी विभागातील संशोधकाला या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून वेताळ आणि मँड्रेक मराठीत वाचलेली पिढी आज महाविद्यालयांत शिकविते आहे. रहस्यकथांचे वाचक आपल्या घराघरांत आहेत. या साहित्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला विषय बदलण्याचा सल्ला देण्यापूर्वी आपण तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी सूचना आहे. या कथेत अन्याय कोणाचा आहे? तो कोण दूर करतो? आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या वेळी काय करीत असतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना लोकप्रिय साहित्याची मर्यादा तर कळेलच. पण ज्यांना आपण निःशंकपणे अभिजात म्हणतो अशा काही कृतींचीही तीच मर्यादा उघड होईल, असा माझा तर्क आहे. तो खोटा ठरला तर मला आनंदच होईल. परंतु त्यासाठी दोन्ही प्रकारचे साहित्य एकाच टेबलावर ठेवून वाचावे लागेल.