नाल कोण काढतो, हे शाळेत शिकवा



मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आले कुठून? कापसाच्या बाजारातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्या आकड्यांवर पैजा लागायच्या. १९६१ च्या सुमारास भाव येणे थांबले. जुगार मात्र थांबला नाही. कल्याणजी भगत, रतन खत्री या मंडळींनी मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा पाडायला सुरुवात केली. कापूस गेला, मडके राहिले.

आज ते मडके बापाच्या खिशात आहे. नववीतल्या पोराला बापाच्या मोबाईलचा पिन पाठ असतो आणि कापसाचा चुकारा त्याच मोबाईलला जोडलेल्या खात्यात येतो. वर्षाची कमाई आणि जुगाराचा अड्डा यांच्यात अंतर उरले आहे एका बोटाचे.

सरकार म्हणेल, कायदा केला. खरे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. पण जुगारबंदीचा कायदा तर मुंबई इलाख्यात १८८७ पासून आहे. मटका त्याच कायद्याच्या नाकाखाली वाढला! आणि बंदी करणारे हात तरी कोणते? १९६९ साली राज्याने स्वतःची लॉटरी काढली. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचे चित्रण गाजले. जाहिरात बंद करत होतो, असे ते म्हणाले. त्यांचे खाते काढले आणि दिले कोणते? क्रीडा.

तेव्हा पोरांचे आपणच पाहायचे आहे आणि त्याची जागा शाळा आहे. उपदेश नको. जुगार वाईट हे पोरे महाभारतापासून ऐकत आली आहेत. धर्मराजाला धर्म काय कमी ठाऊक होता?

हिशेब हवा. दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचा धडा आहे. नाणे, फासा, बावन्न पत्ते, सगळे त्यात आहे. फक्त नाल कोण काढतो, ते नाही. मास्तरांनी फळ्यावर एवढेच मांडावे: मटक्यात एकेरी आकड्याला एकाला नऊ हा जुना भाव. शून्य ते नऊ, आकडे दहा. प्रत्येकावर दहा रुपये लावले, शंभर गेले. एक आकडा नक्की फुटला, नव्वद आले. दहा रुपये गेले कुठे? आता हाच खेळ रोज, वर्षभर खेळा. पोरगा स्वतःच सांगेल की नशीब कोणाचे उघडते.

एवढ्याने भागत नाही. 'एकानेच हुकला' याचा चटका पोराला पुन्हा ओढतो. आकड्याला कालची आठवण नसते, हे त्याला पटवावे लागते. फुकट बोनस म्हणजे गळाला लावलेला गांडूळ. आणि गेलेले वसूल करायला बसणे, यातच पोरगा बुडतो. अभ्यास सुटला, उसनवारी सुरू झाली, मोबाईल लपवायला लागला, तर मास्तरांनी घरी कळवावे. वर्गात धिंडवडे काढू नयेत.

आपलेही एक बोलणे बंद करावे लागेल. पोरांदेखत आपण म्हणतो, 'शेती म्हणजे जुगारच.' साफ खोटे! ज्वारीच्या एका दाण्याचे भरले कणीस होते. पाऊस दगा देईल, भाव पाडला जाईल, पण माती काहीतरी पिकवते. जुगारात काहीच पिकत नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते आणि मध्ये नाल कापली जाते. पोराने आपले वाक्य खरे मानले, तर तो म्हणेल, बाप उन्हात खेळतो, मी सावलीत खेळतो.

आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सही करून घरी येण्यासाठी ते तिथे नाहीत. ठराव घाला: सातवी-आठवीला वर्षाला चार तास या हिशेबाचे, आणि ते कापसाचा चुकारा येण्याआधी. हायस्कूलच्या संस्थेला तेच निवेदन द्या. पालकसभेत हेही सांगा की नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तेव्हा पोराने भीतीपोटी लपवू नये. टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या.

पुढच्या जिल्हा मेळाव्याला येताना ठरावाची प्रत सोबत आणा. ज्या शाळेने नकार दिला, तिचा नकारही लेखी आणा.