फुकटच्या विंडोजची किंमत
१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम विस्कटून टाकलं. सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवर फाइल्स उघडेनाशा झाल्या आणि पडद्यावर लाल चौकट आली: ३०० डॉलरचे बिटकॉइन द्या, तीन दिवस उलटले तर दुप्पट. पण हल्लेखोर ज्या भोकातून शिरले, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. औषध घरात होतं, कुणी घेतलं नव्हतं इतकंच.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या या व्हायरसने इतर मार्गांसोबत तेच भोक वापरलं. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं.

आपल्या घरांत तर अपडेट मुद्दाम बंद केलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून असेंबल केलेल्या पीसीत विंडोज बऱ्याचदा नुसती ‘टाकून’ मिळते. तिचे वेगळे पैसे मोजल्याचं कुणाला आठवत नाही. टाकणारा जाता जाता बजावतो, ‘‘अपडेट चालू करू नका हं, स्क्रीन काळी पडेल.’’ विंडोज फुकटात चालवणारी क्रॅक पकडली जाईल, ही त्याची धास्ती. ती क्रॅक चालवायला बऱ्याचदा अँटिव्हायरसही बंद करावा लागतो, म्हणजे कुठल्याशा अनोळखी फाइलच्या हाती अख्खा संगणक जातो. मग त्याच डेस्कटॉपवर आधार, पॅन, सातबारा, पासबुकाचे स्कॅन साठत जातात. शेजारी ‘पासवर्ड’ नावाची एक्सेल फाइल. चोराला शोधाशोधही करायला नको!

अशा वेळी ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ एवढंच घोकून घेणं तोकडं पडतं. वॉनाक्राय एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला तो कुणीही काहीही क्लिक न करता.

सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारणंही बरोबर नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं हार्डवेअर लागतं. ते नसलेले, एरवी ठणठणीत चालणारे पीसी त्यामुळे वाऱ्यावर सुटले. कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देऊ केली, तीही नोंदणी करणाऱ्यांनाच. ज्या पीसीवर मुलांचा अभ्यास, वीजबिल आणि थोडंफार टायपिंग एवढंच चालतं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू खुशाल टाकून घ्यावं. ती फुकट आहेत, कायदेशीर आहेत आणि अपडेटही होतात. विंडोजवर चालणाऱ्या श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या डीटीपीवाल्यांचं मात्र त्यावर भागणार नाही. त्यांनी जुना पीसी निदान इंटरनेटपासून तोडावा.

आणि फोटो-कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच. प्रत झाली की डिस्कची वायर लगेच काढायची, कारण जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही रॅन्समवेअर सोडत नाही.