घासाघीस नेमकी कुणाच्या घामातून?

कोटेशन हातात पडलं की ग्राहकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ते ठीक आहे, फायनल किती ते सांगा." म्हणजे वर लिहिलेला आकडा खोटा आहे हे त्याने वाचण्याआधीच गृहीत धरलेलं असतं. आम्ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात बंगले, सोसायट्या, लहान कारखाने यांच्या बागा करतो. लॉन, कुंपणाची झाडं, ठिबक आणि मग महिन्याची देखभाल. चळवळीतल्या तिघांनी मिळून चालवलेला हा छोटा धंदा आहे. या कामात नव्याने उतरलेले आपले तरुण फोन करतात आणि फिरून फिरून एकच विचारतात, भाव पाडणाऱ्या ग्राहकाचं करायचं काय? त्यावर 'गोड बोला, ग्राहक हा देव असतो' असा सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. आम्हाला तो सल्ला मान्य नाही. आणि देव मानण्याची आमची तशीही पंचाईतच आहे.

काही जण म्हणतील, घासाघीस तर सगळेच सगळ्यांशी करतात, त्यात जात कुठून आणता? खरंच सगळ्यांशी करतात का? मराठीत मोबदल्याला शब्द किती आहेत ते बघा. डॉक्टरची आणि वकिलाची फी, भटजींची दक्षिणा, वक्त्याचं मानधन, गवयाची बिदागी, साहेबाचा पगार. आणि फावडं धरणाऱ्याची मजुरी. पैसा तोच, पण शब्द बदलला की देणाऱ्याचा हात बदलतो. बंगल्याच्या वास्तुरचनाकाराची फी करारात लिहिलेली असते आणि ती टप्प्याटप्प्याने पोहोचते. त्याच बंगल्याच्या बागेचा आराखडा मात्र आमच्याकडून फुकट हवा असतो. "एक डिझाइन काढून दाखवा, मग बघू." डिझाइन दाखवलं की तेच दुसऱ्याला दाखवून त्याच्याकडून कमी भावात करून घेतात. रचनाकाराचं डोकं विकत घ्यायचं असतं, आमचं डोकं मातीबरोबर मोफत येतं, अशी ही समजूत आहे.

ही समजूत आकाशातून पडलेली नाही. गावगाड्यात बलुतेदाराने वर्षभर राबायचं आणि सुगीत खळ्यावर जाऊन उभं राहायचं. पदरात किती पडणार हे देणाऱ्याच्या मर्जीवर. काम मात्र कधी, किती, कुणाचं, याला सीमा नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, त्याचा गाभा हाच होता. महाराने करायची कामं नेमकी कोणती ते ठरू द्या आणि त्याच्या मोबदल्याला हमी येऊ द्या. ते विधेयक मंजूर झालं नाही. कनिष्ठ वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा आला तो १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. कागदावरचं वतन गेलं. पण 'काम आधी सगळं करा, पैशाचं नंतर बघू' म्हणणारा माणूस गेला नाही. तो आता सोसायटीच्या समितीत बसतो.

बोलणी सुरू असताना आडनाव विचारलं जातं. मग गाव. आडनाव ओळखीचं वाटलं नाही तर गावातला वाडा. त्यानंतर 'अहो'चं 'अरे' होताना आम्ही पाहिलं आहे. प्रत्येक घासाघीस करणारा जातीयवादी असतो असं आमचं म्हणणं नाही. निवृत्त मास्तर दोन गुंठ्यांच्या घरापुढे चार झाडं लावायला खिसा चाचपतो, त्याची अडचण खरी असते. त्याच्यासाठी आम्ही कामच लहान करतो. पण ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत आणि जो मॉलमधल्या कुंडीवरचा छापील भाव गपचूप देऊन येतो, तो त्याच कुंडीत माती भरणाऱ्या बाईच्या शंभर रुपयांवर अर्धा तास वाद घालतो, तेव्हा प्रश्न पैशाचा राहत नाही.

आता हिशेब मांडू, कारण या विषयावर भावनेपेक्षा हिशेब जास्त बोलतो. समजा एका बागेचं कोटेशन १,२०,००० रुपयांचं आहे. त्यात माती, शेणखत, गवत, रोपं, पाइप असा माल ७०,००० चा. टेम्पो आणि डंपर १०,०००. मजुरी २५,०००. उरलेले १५,००० आमचे, ज्यात फोन, पेट्रोल, मेलेली रोपं बदलणं आणि आमच्या घरची चूल. ग्राहक म्हणतो, वीस टक्के कमी करा. म्हणजे २४,०००. हे आणायचे कुठून? नर्सरीवाला रोपाचा भाव आमच्यासाठी पाडत नाही. डिझेल तर कुणाचंच ऐकत नाही. आमचे सगळे पंधरा हजार सोडले तरी नऊ हजार कमी पडतात, आणि ते जाऊ शकतात फक्त एका जागेतून. मजुरीतून. कोटेशनमधला तेवढाच एक आकडा मऊ असतो, कारण त्याच्यामागे उभी असलेली माणसं मऊ जागी उभी असतात. आमच्याकडे गवत लावायला आणि खुरपायला येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी मराठवाड्यातून पोट भरायला आलेल्या आहेत. ग्राहकाने दिवाणखान्यात बसून कापलेला रुपया शेवटी त्यांच्या डब्यातून निघतो.

'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हे फार स्पष्ट करून ठेवलं आहे. जातीने नुसती कामं वाटली नाहीत, तर काम करणारी माणसंच वेगळी केली आणि एकाच्या डोक्यावर दुसरा अशी रचली. भाव पाडण्याची रीत याच रचनेतून चालते. वरचा आपल्याला दाबतो, आपण खालच्याला. म्हणून ग्राहकासमोर 'चला, तुमच्यासाठी करतो' म्हणणारा आपला तरुण उदार नसतो. तो दुसऱ्याच्या खिशातलं दान करत असतो.

मग करायचं काय? आम्ही कोटेशनमध्ये एकच ढोबळ आकडा देत नाही. माल, वाहतूक, मजुरी, आमची देखरेख, चारही वेगळे लिहितो. भाव कमी करायला सांगितलं की विचारतो, यातलं काय कमी करू? रकमेला हात लावायचा तर कामालाही लागेल. हजार चौरस फुटांच्या लॉनला सहा इंच माती घालायची तर पाचशे घनफूट, म्हणजे पाच ब्रास लागते. "दुसरा माणूस कमीत करतोय" असं ऐकलं की आम्ही त्या ग्राहकाला तेवढंच विचारायला सांगतो, तो माती किती इंच घालतोय? चार इंचावर भागवलं तर ब्रास साडेतीनच्याही खाली येतात आणि भाव आपोआप उतरतो. गवत पहिल्या पावसात तेवढंच हिरवं दिसतं. एप्रिल-मेच्या उन्हात पिवळं पडलं की फोन मात्र त्या दुसऱ्या माणसाला लागत नसतो. हे शांतपणे सांगितलं की निम्मे ग्राहक ऐकतात. उरलेल्यांना नमस्कार. लॉन नको, मुरमाची पायवाट आणि देशी झाडं चालतील का, असंही आम्ही सुचवतो. सोनचाफा, मोगरा, तगर, कण्हेर यांना मेक्सिकन गवताएवढे लाड लागत नाहीत.

जागा बघायला गेलो की भेटीचे पैसे घेतो, काम मिळालं तर ते बिलातून वजा होतात. आराखड्याचे पैसे वेगळे. मालाचे पैसे माल उतरण्याआधी. मजुरी आठवड्याला, कारण आमच्या बायकांचा किराणावाला 'सोसायटीची मीटिंग झाली की देतो' हे ऐकून घेत नाही. रोप मेलं तर तीन महिने बदलून देतो, पण देखभाल आमच्याकडे असेल तरच. ज्याने आठवडाभर पाणी घातलं नाही त्याच्या अरेका पामची हमी आम्ही का घ्यावी? आणि कोटेशनच्या पहिल्याच ओळीत एक अट असते: कामगारांना पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ग्राहकाने द्यायचं. यावर तोंड वाकडं करणारे भेटतात. एका सोसायटीने लिफ्टची अडचण पुढे केली, जणू पाणी वरूनच आणायचं होतं. १९२७ साली महाडला आपली माणसं कशासाठी गेली होती हे माहीत असलेल्यांनी ही ओळ लिहायला लाजू नये.

कंपन्या आणि बिल्डर यांची गोष्ट वेगळी. ते भाव पाडत नाहीत, पैसे अडवतात, आणि मग "आत्ता एवढेच घ्या, फाइल बंद करू" म्हणतात. हीसुद्धा घासाघीसच, फक्त काम झाल्यानंतरची. इथे कायदा आपल्या बाजूने आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांना तो माहीत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षीच्या वजावटीत धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. घरमालकाला याची फिकीर नसते, कंपनीच्या हिशेबनीसाला असते. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. तिचे पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. उद्योजकांच्या मेळाव्यात कोट्यवधींच्या भांडवलाची भाषणं होतात. खजिनदाराकडे अडकलेले अठरा हजार कसे काढायचे यावर कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता आपल्या घरातलं. सर्वांत जड घासाघीस आमच्याशी 'जय भीम' म्हणून होते. "आपलाच माणूस आहेस, समाजाचं काम आहे, हिशेब कसला करतोस?" नोकरीत वर गेलेले आपले साहेब नव्या बंगल्याची बाग करून घेतात तेव्हा समाज आठवतो, फर्निचर घेताना आठवत नाही. आपल्या माणसाने आपल्या माणसाला काम द्यावं असं आपण व्यासपीठावरून सांगतो. ते काम पूर्ण भावाने द्यावं हे वाक्य भाषणात राहून जातं. आणि धंद्यात असलेल्या भावांनो, एकमेकांखाली भाव टाकून काम पळवण्याचं आपलं वेड ग्राहकाच्या पथ्यावरच पडतं. भाव वेगळे असायला हरकत नाही. पण बाईची दिवसाची मजुरी किती, एवढा एक आकडा तरी आपण एका परिसरातल्या ठेकेदारांनी बसून ठरवू शकतो. कोटेशनची स्पर्धा त्या आकड्याच्या वर होऊ दे. आम्ही चार-पाच जणांशी हे बोललो आहोत, दोघं तयार आहेत, बाकीचे 'बघू' म्हणतात.

विहारापुढची बाग करायची असली तरी आम्ही कोटेशन देतो, हे काहींना खटकतं. त्यातही चार आकडे वेगळे असतात. देखरेखीच्या रकमेपुढे 'धम्मदान' असं लिहून आम्ही ती सोडून देतो, कारण ती आमची आहे. मजुरीचा आकडा तसाच राहतो आणि समितीने तो शनिवारी संध्याकाळी बायकांच्या हातात रोख द्यायचा, असं खाली लिहिलेलं असतं.