काम पायांवर, हलणं चाकांवर

पडवीत सुतारकाम करणारे, मूर्तींचे कारखानदार आणि घरचं मोडकंतोडकं स्वतःच नीट करणारे अशा सगळ्यांना एक विनंती आहे. येत्या पावसाळ्याआधी कामाचं एक धड टेबल करून घ्या, आणि त्याला वर-खाली होणारी चाकं बसवा.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या घरांत कामाला वेगळी खोली क्वचितच असते. पडवी हाच आपला कारखाना. दिवसा तिथे रंधा चालतो, संध्याकाळी तिथेच मोटारसायकल लागते. नागाव-आक्षीकडे तर शनिवार-रविवारी त्याच पडवीत पाहुण्यांची पानं मांडली जातात. जूनमध्ये झड आत यायला लागली की सगळा पसारा भिंतीकडे ओढावा लागतो. म्हणजे टेबल हलतं हवं. पण रंधा मारताना जोर आडवा लागतो, तेव्हा तेच टेबल तसूभरही सरकून चालत नाही.

दुकानात तुम्हाला सांगतील, ब्रेकची चाकं लावा, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. ब्रेक चाकाचं फिरणं थांबवतो. चाक ज्या मानेवर वळतं तिथला ढिलेपणा तसाच राहतो. करवत चालली की टेबल डुलतं, काप वाकडा जातो. म्हणून नियम एकच धरा: काम करताना वजन पायांवर, आणि चाकांवर फक्त हलवण्यापुरतं.

हे घरच्या घरी जमतं. टेबलाच्या दोन्ही आखूड बाजूंना, पायांच्या तळाशी, एकेक आडवी दांडी असते. तिला आतल्या अंगाने बिजागऱ्यांवर एक फळी जोडा आणि फळीच्या मोकळ्या कडेखाली दोन चाकं बसवा. फळी सपाट असताना चाकं पायांच्या तळापेक्षा साधारण अर्धा इंच खाली आली पाहिजेत. आता चाकांच्या बरोबर वर येईल अशी एक पट्टी टेबलाच्या चौकटीत ठोका आणि तिला बिजागरीवर एक रुंद उभी दांडी टांगा. ही अडणी. तिचं खालचं टोक फळीवरच्या उथळ खाचेत बसलं पाहिजे.

टेबलाची एक बाजू हाताने उचलली की फळी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि अडणी सरळ उभी राहते. बाजू सोडली की भार अडणीतून चाकांवर जातो. मग दुसरी बाजू तशीच. काम सुरू करायचं तर बाजू जराशी उचला, अडणीला बांधलेली दोरी ओढा आणि हळू खाली सोडा. चाकं वर जातात, पाय जमिनीला टेकतात. अडणी काढायला बोटं आत घालू नका, दोरीच ओढा. एकट्याने उचलवत नसेल तर कुणाला तरी हाक मारा.

चाकं घेताना हिशेब करून घ्या. आपले कोबे आणि शहाबादी लाद्या काही एका पातळीत नसतात. बऱ्याचदा चारातली तीनच चाकं टेकलेली असतात. म्हणून एकूण वजनाला तीनने भागा. टेबल, हत्यारं आणि वरचा माल मिळून १५० किलो होत असेल, तर प्रत्येक चाक निदान ५० किलो पेलणारं हवं. चाक चार इंचांचं घ्या. लहान चाक लादीच्या सांध्यात अडकतं. जागा अरुंद असेल तर चारही चाकं वळणारी घ्या.

आपल्याकडे लोखंडाचा खरा वैरी खारा वारा. साधे नट-बोल्ट एका पावसाळ्यात गंजून जाम होतात. बिजागऱ्या आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. घर अगदी किनाऱ्याला असेल तर ३१६ प्रतीचे. चाकांना पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ग्रीस द्या.

पायांना आइन किंवा फणस चांगला. आंब्याला कीड लवकर लागते. लाकूड वाळलेलंच वापरा, नाहीतर सांधे ढिले पडतात. वर प्लायवूड टाकणार असाल तर त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा; ते पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. पायांच्या तळाला रबराचे तुकडे मारा. वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल लावता येतं, पण हातमोजे घालूनच, कारण त्याने कातडी भाजून निघते. लांबी चार फूट, रुंदी दोन फूट पुरे. आधी दाराची रुंदी मोजा. उंची साधारण ३४ इंच ठेवा, म्हणजे जमिनीवर बसून, पायात फळी धरून काम करताना गुडघ्यांचे जे हाल होतात ते टळतील.

पेण, हमरापूर, जोहे इथल्या मूर्तिकारांना थोडं वेगळं सांगायचं आहे. डोळ्यांची आखणी चालू असताना टेबलाला बारीकसा धक्का लागला तरी रेघ फसते, म्हणून रंगकामाचं टेबल पायांवरच उभं हवं. आणि शाडूची ओली मूर्ती वर ठेवून टेबल ढकलू नका. खडबडीत जमिनीच्या हादऱ्याने तिला तडा जाऊ शकतो. मूर्ती पाटासकट हातांनी उचला, टेबल रिकामं हलवा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात याच किनाऱ्यावर छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वासे, दारं, खिडक्या सगळ्यांचीच कामं एकदम निघाली की सुतार कुठून पुरणार? घरात पक्कं टेबल, एक करवत आणि चार शिकंजे असले तर निम्मी डागडुजी आपली आपल्याला उरकता येते. प्रत्येकाला खर्च झेपेल असं नाही. म्हणून आळीतल्या चार घरांनी मिळून एक टेबल करा आणि ज्याची पडवी मोठी त्याच्याकडे ठेवा. लाकूड वाळलेलं मिळतं ते उन्हाळ्यात, तेव्हा होळी झाली की कामाला लागा.