हत्यारांचा विटाळ

खंडेनवमीस सुतार आपल्या करवतीची व लोहार आपल्या घणाची पूजा करतो. आपल्या सुशिक्षित घरांतही त्या सुमारास पूजा होते. पण ती कोणाची? मोटारीची आणि संगणकाची. ज्या यंत्राचें झांकण आपण जन्मांत कधीं उघडलें नाहीं त्यास हळदकुंकू वाहावयाचें, आणि तें बिघडलें म्हणजे कारागिराची वाट पाहत हळहळत बसावयाचें, अशी आपली यंत्रभक्ति आहे. देवापुढें हात जोडणें ठीक. यंत्रापुढें हात जोडून बसणें हें केवळ अज्ञान होय.

एक साधें उदाहरण घ्या. छताचा पंखा मंद फिरूं लागतो, किंवा नुसता गुणगुणतो आणि काठीनें ढकलल्यावांचून हालत नाहीं. पुष्कळदां दोष असतो तो दांड्याच्या बुडाशीं टोपीखालीं दडलेल्या, बहुधा अडीच मायक्रोफॅरडच्या, चिमुकल्या कॅपॅसिटरचा. घरांतील एका फेजच्या विजेनें उत्पन्न होणारें चुंबकीय क्षेत्र जागच्या जागीं हेलकावे खातें. दुसऱ्या वेटोळ्यांतील प्रवाह या कॅपॅसिटरनें थोडा पुढें सरकविला म्हणजे तें क्षेत्र फिरूं लागतें, आणि त्याच्या मागोमाग पंखा. कॅपॅसिटरची धारणशक्ति वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें घटली कीं पंखा रेंगाळलाच. हाच कॅपॅसिटर आपल्या मुलाला भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत भेटलेला असतो. त्यावरील उदाहरणें सोडवून त्यानें पैकीच्या पैकी गुणही मिळविलेले असतात. परंतु डोक्यावर टांगलेला तोच पदार्थ तो ओळखीत नाहीं! सूत्र पाठ आणि वस्तु अनोळखी, ही विद्या नव्हे. हें विद्येचें सोंग आहे.

यावर ठराविक आक्षेप येतात. पहिला, ‘आमच्या वेळाचें मोल अधिक आहे.’ तें खरेंच तितकें असतें तर हातांतील फोनच्या पडद्यावर बोट घासण्यांत रोज तासच्या तास गेले नसते. दुसरा, ‘दुरुस्तीपेक्षां नवें स्वस्त पडतें.’ पडतें खरें. पण त्या स्वस्ताईची बाकी कोण फेडतो? दिल्लीच्या सीलमपुरासारख्या वस्त्यांत तांब्याकरितां तारा जाळणाऱ्या व धातूकरितां सर्किटच्या पट्ट्या आम्लांत बुडविणाऱ्या गरिबांच्या फुप्फुसांतून ती वसूल होते.

तिसरा आक्षेप धोक्याचा. तो मात्र आदरानें ऐकला पाहिजे. मुख्य बटण बंद करावें, टेस्टरनें खात्री करून घ्यावी, कॅपॅसिटरांत वीज सांठून राहते हें विसरूं नये, आणि प्लग काढल्यावरही ज्याच्यांतील वीज प्राण घेऊं शकते त्या मायक्रोवेव्हसारख्या यंत्रास नवशिक्यानें हातच लावूं नये, हे नियम आधीं शिकावयाचे. परंतु अर्थिंगची तार तुटलेल्या गीझरखालीं निर्धास्तपणें स्नान करणारें अज्ञान हें स्क्रू-ड्रायव्हरपेक्षां पुष्कळच अधिक धोक्याचें आहे.

कारखानदार निर्दोष आहेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. बॅटरी डिंकानें चिकटवून टाकावयाची, स्क्रू असा बसवावयाचा कीं साध्या हत्यारास तो दाद देऊं नये, सुटे भाग विकावयाचेच नाहींत, या त्यांच्या युक्त्या सर्वश्रुत आहेत. त्यांस आळा घालण्याकरितां फ्रान्सनें २०२१ सालीं कांहीं उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणें सक्तीचें केलें. युरोपीय संघानें २०२४ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. भारत सरकारनेंही २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्काकरितां एक संकेतस्थळ उघडलें. हें सर्व इष्टच आहे. परंतु ज्याच्या घरीं पक्कड नाहीं त्यास दुरुस्तीचा हक्क देणें म्हणजे निरक्षरास ग्रंथालयाची किल्ली देण्यासारखें आहे.

मूळ रोग निराळाच आहे. लेखणी धरणारा हात श्रेष्ठ आणि हातोडी धरणारा कनिष्ठ, ही जातिभेदाची शिकवण आपण तोंडानें नाकारतों आणि आचरणांत पाळतों. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना मांडली. तिच्याविषयीं मतभेद असूं शकतील. पण आपण तिचें काय केलें? शाळेंतील कार्यानुभवाच्या तासास आईबापांनीं रात्रीं जागून केलेली वा बाजारांतून आणलेली कागदी फुलदाणी जमा होते, आणि अनुभवाचे गुण पाल्यास मिळतात! ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवच्या सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, त्यांचें नांव आपण अभिमानानें घेतों. पण त्यांच्या हातांस लागलेलें वंगण आपल्या मुलांच्या हातांस लागलेलें आपणांस खपत नाहीं.

कोणी म्हणेल, घरोघर दुरुस्ती होऊं लागली तर कारागिराचें पोट कसें चालावें? ही कळकळ पन्नास रुपयांकरितां त्याच्याशीं हुज्जत घालतांना कोठें असते? ज्यानें एकदां स्वतः पंखा खोलला, तार सोलली, कथील वितळवून सांधा जोडला व तो तीनदां फसलेला पाहिला, तोच कारागिराच्या कौशल्याची खरी किंमत जाणतो, आणि ती बिनतक्रार देतो.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. घराच्या एका कोपऱ्यांत एक जुनें टेबल मांडावें. त्यावर पक्कड, पाना, दोन-चार स्क्रू-ड्रायव्हर, कानस, सोल्डरिंग आयर्न आणि एक मल्टिमीटर ठेवावा. महिन्यांतून एक बिघडलेली वस्तु तेथें यावी, आणि ती मुलानें व मुलीनें, दोघांनीं मिळून, आईबापांच्या देखरेखीखालीं उघडावी. ती प्रत्येक वेळीं दुरुस्त होईलच असें नाहीं. निदान ती कां बिघडली हें कळेल. आणि पुढील खंडेनवमीस पूजा मांडतांना मोटारीच्या आधीं त्या टेबलावरील हत्यारांस दोन फुलें वाहावीं. वर्षभर वापरलेल्या हत्यारासच तीं शोभतात.